लोणंदचा आसूड

कराडला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि आमच्या हौशी नाट्यसंस्थेत मी बरीच वर्षं कामं करते. त्या वर्षी स्पर्धेसाठी आम्ही बंद पडत चाललेल्या एका सर्कशीचं नाटक निवडलं. सर्कशीची मालकीण मी. ती पहिल्याच प्रवेशात रिंगणात येते, आसूड उडवते, आणि त्या आवाजासरशी भांडणारे कलाकार जागच्या जागी गप्प होतात. दिग्दर्शकाने आवाज रेकॉर्ड करून आणला होता. पण मी हात झटकायचे आणि आवाज यायचा हात खाली आल्यावर. कधीकधी मी विंगेत असतानाच यायचा. विदूषकाचं काम करणारा आमचा बँकेतला गडी हसून हसून खाली बसायचा.

"आवाज मीच काढते," मी म्हणाले. "खरा आसूड आणते."

"अहो बाई, तो आसूड आहे. टाळी वाजवायची नाहीये," दिग्दर्शक म्हणाला.

"शिकेन की. प्रयोगाला अजून अडीच महिने आहेत."

शिकेन म्हटलं की मी शिकते, हे घरच्यांना माहीत आहे. चाळिशीनंतर मी विहिरीत पोहायला शिकले, तेव्हाही कुणाचा विश्वास नव्हता.

मोबाइलवर शोधून मी एक आसूड मागवला. फोटोत तो काळाभोर, लांबलचक आणि रुबाबदार होता. हातात आला तेव्हा रंगाचा वास आला. दुकानामागच्या बोळात मी तो उडवून पाहिला. तो मुठीपाशी मोडल्यासारखा वाकला आणि उलटा येऊन माझ्या कानाला लागला. आवाज म्हणाल तर ओला टॉवेल झटकल्याएवढा. कान चोळत मी तो काउंटरवर टाकला आणि गिऱ्हाईक बघायला लागले.

आलेल्या गिऱ्हाइकात सत्तरीच्या एक मावशी होत्या. राहणाऱ्या कुंडलच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडला लेकीकडे आलेल्या. ऑपरेशन दोन दिवसांवर होतं आणि त्यानंतर घालायला त्यांना काळा चष्मा हवा होता. लेक फ्रेमी बघत होती. मावशींचं लक्ष मात्र काउंटरकडे. त्यांनी तो आसूड डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, वेणीवरून बोटं फिरवली, मूठ आडवी धरून शेपूट खाली सोडलं आणि मोठ्यांदा हसल्या.

"ह्यो कुणी गळ्यात घातला तुज्या? म्हशीला बांदायला बरा हाय."

"मावशी, तुम्हाला कळतं यातलं?"

"न कळाय काय झालं? बावीस घोडी नाचीवली म्या रिंगणात! माज्या आसुडाचा आवाज आला की तंबूतली पोरं रडायची थांबायची."

लेकीचा हात फ्रेमवरच थांबला. "आई, चष्मा बघायला आलोय आपण," ती म्हणाली. आवाज कडक होता. मावशींनी आसूड खाली ठेवला, पण जाताना मला हळूच म्हणाल्या, "ऑपरेशन झालं की ये घरला. सांगते."

मी गेले. डॉक्टरांनी त्यांना महिनाभर वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. डोळ्यात थेंब घालायला लेक शाळेतून मधल्या सुट्टीत घरी यायची. ती शिक्षिका. मावशी काळा चष्मा लावून पलंगावर बसलेल्या आणि कंटाळलेल्या. मी गेल्यावर त्यांनी मला आसुडाचं सगळं अंग समजावून सांगितलं. मूठ, मग जाड वेणी निमुळती होत गेलेली, तिच्यापुढे कातड्याची एकच सरळ वादी आणि वादीच्या टोकाला दोऱ्याची शेंडी.

"आवाज शेंडी करती. ती झिजनार, तुटनार, नवी बांदायची. पर वेणी एकदा का गेली की आसूड गेला."

"मग कुठून घेऊ?"

"लोणंदच्या बाजारात घोड्याचं सामान करनारा एक बाबा हाय. आदी त्याचा बा आमच्या सर्कशीला लगाम पुरवायचा. जा तितं. आनि दहा फुटी घेऊ नगंस. लोकं लांबड्याला भुलत्यात. शिकनाऱ्यानं आपल्या उंचीपरास वितभर जास्त घ्यावा, बास."

बाजाराच्या दिवशी मी एकटीच गाडी काढून लोणंदला गेले. कांद्याच्या ट्रकांतून वाट काढत शेवटी ते दुकान सापडलं. म्होरक्या, लगाम, घुंगुरपट्टे आणि खिळ्याला टांगलेले तीन आसूड. दुकानदार माझ्याच वयाचा, मिशाळ, गमत्या.

"आवं ताई, कुनाला हानायचाय?"

"कुणालाच नाही. हवेला."

"हवेला? मग ह्यो न्या की!" म्हणत त्याने सगळ्यांत लांब, लाल-हिरवे गोंडे लावलेला आसूड माझ्यापुढे केला. दिसायला झकास होता. मी मूठ आडवी धरली आणि बाकीचा खाली सोडला. मुठीच्या पुढे तो कोपऱ्यासारखा मोडला. मी तो परत केला. दुसरा नीट गोलाईने खाली उतरला, पण वेणी चिमटीत धरून वाकवली तर पदरांमध्ये फटी दिसल्या आणि आतलं दोरखंड डोकावलं. तिसरा साधा, तपकिरी, सहा फुटांच्या आतबाहेर. वास कातड्याचा, रंगाचा नाही. वाकवला तरी पदर एकमेकांना धरून होते, आणि मुठीपासून टोकापर्यंत जाडी कुठे अचानक कमी झाली नव्हती. हातात घेतल्यावर वजन मुठीकडे होतं. मनगटाला तो लगेच आवडला.

"हा द्या. पण पुढची वादी बदलून द्या, हिला मधे चीर आहे."

त्याने वादी उन्हाकडे धरून बघितली. "व्हय की. न्हाई दिसली मला." आणि लगेच दुसरी ओवून दिली. मला कुणी पाठवलं ते सांगितल्यावर वर तीन-चार जादा शेंड्या दिल्या आणि मेणाची एक डबी. "सर्कशीवाल्या मावशीस्नी सांगा, बा गेला, पर हात त्योच हाय."

मावशींनी आसूड घेतला आणि मांडीवर धरून बसल्या. बोटांनी पदर मोजत होत्या की आणखी काही करत होत्या, चष्म्यामुळे कळलं नाही.

शिकवणी सुरू झाली ती कृष्णेकाठच्या गवताळ मैदानावर, सकाळी. मावशींना धुळीत उभं करायचं नव्हतं, म्हणून त्या माझ्या गाडीत बसायच्या. काचा बोटभर खाली. नजर अजून धूसर होती आणि मी लांब उभी, म्हणून त्या मला बघायच्याच नाहीत. नुसत्या ऐकायच्या.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी न फुटणाऱ्या काचांचा, बाजूनेही बंद असलेला चष्मा लावला, टोपी घातली, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. मावशी म्हणाल्या, "आमी कंदी घातलं न्हाई असलं. रिंगणात का हेल्मेट घालून जायचं?"

"मावशी, आसूड तुमचा. डोळ्यांचं मात्र माझं ऐकायचं."

मग मी सभोवार चालून कुणी माणूस, कुत्रं नाही ना ते बघितलं. आसुडाच्या दुप्पट अंतराच्या आत कुणी नको, हे मात्र त्यांनीच सांगितलेलं.

"आता मागं सरळ पडू दे त्याला. मग हात वर. मग म्होरं. आनि म्होरं गेला की थांबीव. दार ठोठावताना थांबतो तसा. हानू नगंस त्याला, पाठीव."

मी हाणला. गाडीतून आवाज आला, "हानलास!"

पुन्हा. "लय घाई."

पुन्हा. "मागं वाकडा पडला हुता."

"तुम्हाला दिसलं का?"

"दिसतंय कुटं? गवतात सरपटल्याला ऐकू येतंय की!"

तिसऱ्या-चौथ्या सकाळी मी जोर लावणं सोडलं. हात वर गेला, आसुडाची लाट माझ्या डोक्यावरून पुढे गेली आणि समोर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, हवा फाटल्यासारखा खणखणीत आवाज झाला. नदीपलीकडून तो परत आला. शेंडी आवाजाहून वेगाने जाते म्हणून तो होतो, हे मी शाळेत शिकले होते. पण ते आपल्या मनगटातून सुटलं की अंगावर काटा येतो. मी ओरडले. गाडीचा हॉर्न वाजला. मावशींनी वाजवला होता.

त्याच आठवड्यात चूकही झाली. ओळीने पाच-सहा आवाज निघाले तसा मला चेव आला आणि मी तिरका हात टाकला. टोक परत फिरून थेट माझ्या तोंडावर आलं. चष्म्यावर टिचकी वाजली, बस. पण काच हातात घेऊन पाहिली तर बुबुळासमोरच चरा उमटला होता. मी तो चष्मा खिडकीतून मावशींच्या हातात दिला. त्यांनी चऱ्यावरून नख फिरवलं.

"आमच्यात एकाचा डोळा गेला हुता ह्याच्यापायी," त्या म्हणाल्या. "तुजं बराबर हाय." पुढच्या दिवसापासून गाडीतून पहिला प्रश्न यायचा, "चष्मा घातलास का?"

एकदा रात्री पाऊस झाला होता आणि ओल्या गवतात आसूड भिजला. मी तो वाळवायला दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवला. मावशींना कळल्यावर त्या खवळल्याच. "उनात? पापड हाय व्हय त्यो?" कोरड्या फडक्याने पुसायचा, सावलीत वाऱ्यावर सोडायचा आणि पुरता वाळला की मेणाचं बोट घेऊन चोळायचं, तेही बेतानं. फार चोपडलं तर कातडं लिबलिबीत होतं. खोबरेल किंवा गोडं तेल नको, त्याला वास येतो आणि किडे लागतात. गुंडाळताना घड्या नकोत, मोठे सैल वेढे. डांबरावर, सिमेंटवर उडवायचा नाही, वेणी खरवडते. हे सगळं त्या मला लेकीच्या घरी सांगत असताना लेक स्वयंपाकघरात होती. भांडी जरा जास्तच वाजत होती.

मी निघाले तशी ती जिन्यापर्यंत आली.

"तुम्ही तिला घेऊन जाता, तिचा वेळ चांगला जातो. पण एक सांगते. मी कुंडलला मामाकडे वाढले. वर्षातून दोनदा आई यायची, खाऊ आणायची. शाळेत मला सर्कसवालीची म्हणायचे. तिला आसूड उडवताना मी कधी पाहिलेलं नाही. पाहायचंही नव्हतं."

तो हिशेब त्या दोघींचा होता. मी एवढंच म्हटलं, "रविवारी डॉक्टरांचा महिना संपतोय. तुम्हाला वाटलं तर मैदानावर या."

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी मावशींना गाडीत बसवायला गेले तर ती मागच्या सीटवर आधीच बसलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मावशींनी मैदानावर पाय ठेवला. नऊवारीचा पदर कमरेला खोचला. मी चष्मा पुढे केला, त्यांनी कुरकुर न करता घातला. आसूड हातात घेतला तसे खांदे मागे गेले आणि बाई एकदम उंच दिसायला लागली. पहिला प्रयत्न फुसका गेला. दुसरा अर्धा वाजला. "वाईच थांबा," त्या स्वतःलाच म्हणाल्या. तिसऱ्यांदा हात अगदी आळसावल्यासारखा वर गेला आणि आवाज असा सुटला की झाडावरचे बगळे उठले. मग त्यांनी डावीकडे एक, उजवीकडे एक, डोक्यावर एक असे न थांबता आवाज काढले. अडीच महिने घासूनही तसे मला आले नाहीत, आजही येत नाहीत.

लेक गाडीतून उतरली होती. पर्स सीटवरच राहिली होती. मावशी धापा टाकत वळल्या.

"आई, दम लागलाय, बस आता," लेक म्हणाली. मग जवळ येत, "आणि घोडी? घोडी काय करायची तेव्हा?"

"घोडी?" मावशी म्हणाल्या. "घोडी गोल फिरायची, बाय. आसूड त्यांच्या अंगाला कंदी लावला न्हाई म्या. नुसता आवाज."

स्पर्धेचा प्रयोग सांगलीला दुपारी झाला. मावशी आणि लेक दुसऱ्या रांगेत होत्या. रंगमंचावर आमच्या कलाकारांना उभं राहायच्या जागा मी खडूने आखून दिल्या होत्या, कारण तिथे माझं वर्तुळ कुणी मोडलेलं चालणार नव्हतं. मी रिंगणात आले, हात वर केला आणि नाट्यगृह दणाणलं. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. विदूषक खरोखरच दचकला आणि त्याचा पहिला संवाद त्या दचकण्यातून इतका छान आला की लोकांनी टाळी दिली. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. दिग्दर्शक आता नव्या माणसांना सांगतो की खऱ्या आसुडाची कल्पना त्याची होती. सांगू दे.

नाटकभर मी पाच वेळा आसूड उडवला होता. मावशी मला विंगेत भेटल्या. "चौथा आवाज मऊ पडला," त्या म्हणाल्या. "बाकी झाक."

परतताना त्या दोघींना कुंडलला सोडायचं होतं. लेकीने सुट्टी काढली होती, आईजवळ चार दिवस राहणार होती. पलूसच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी हळू झाली. मागच्या सीटवरून लेकीचे प्रश्न चालू होते. तंबू किती माणसं उभा करायची, पावसात काय व्हायचं, आजारी पडलीस तर कोण बघायचं, माझी आठवण आली की काय करायचीस. मावशी एकेकाचं उत्तर देत होत्या, शेवटच्यापाशी जरा अडल्या, मग तेही दिलं. मी ट्रॉलीला ओलांडून जायची घाई केली नाही.