सांगलीचे डॉक्टर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, आईला तर नाहीच. सहा वर्षं झाली — सहा की सात? — आणि दर वेळी तोंडापर्यंत आलं की मी दुसरंच काहीतरी विचारते. ऊस गेला का, पाण्याची पाळी कधी आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलते आहे. कितपत जमतंय बघू.

मी सांगलीत एका शाळेत शिकवते. माहेर कोरेगावजवळच्या गावात. माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शिट्टी झाली की उठायचं, हुकूम आला की करायचं, का म्हणून विचारायचं नाही — जन्म त्यात गेलेला. घरी आल्यावरही रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेतावर जायचे. गाव हसायचं, पण कौतुकानं.

तर ते आबा वर्षभरात विझत गेले. दाढी वाढली. विहिरीवरची मोटर चालू करून विसरायला लागले. आईला कधी 'अगं' म्हणून मोठ्यानं न बोललेला माणूस, भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकलून उठला. आणि एकदा गल्लीतून घरी आले ते एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठे सुटली, पत्ताच नाही. आई म्हणाली, "आवं, दुसरी चप्पल कुठं हाय?" तेव्हा कुठे त्यांनी खाली बघितलं. मी त्या दिवशी घरातच होते.

मी काय केलं? फोन काढला.

मला त्या काळात नाद लागला होता. मनाच्या आजारांचा. मोबाईलवर लोक दीड मिनिटात सगळं उलगडून सांगायचे — ही पाच लक्षणं असली तर हे, ती चार असली तर ते. आमच्या मुख्याध्यापकांना एक आजार, जाऊबाईंना दुसरा, असं मी मनातल्या मनात सगळ्यांना वाटून टाकलं होतं. हसा खुशाल. आबांसाठीही मला एक चाचणी सापडली. आतल्या खोलीत पलंगावर बसून मीच त्यांच्या वतीनं उत्तरं दिली. झोप लागते का? नाही. चिडचिड होते का? हो. एकटं बसावंसं वाटतं का? हो, हो. आबा बाहेर ओट्यावर बसलेले, दहा पावलांवर. उठून जावं, त्यांनाच विचारावं, हे डोक्यातही आलं नाही. शेवटी लाल पट्टी आली — गंभीर. फौजेतल्या दिवसांचा घाव मनात राहिला आहे, असं मी ठरवलं. आणि खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. घरात मला एकटीलाच कळलं होतं ना!

धाकटा भाऊ प्रकाश म्हणाला, "आक्का, साताऱ्याला फौजी दवाखान्यात दावून आणू का आबांस्नी?" साधी, सरळ गोष्ट. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती. आणि मी —

इथवर मी नेहमी येते. मनात, म्हणजे. इथूनच परत फिरते.

मी म्हणाले, "काही गरज नाही. मी सांगलीत मनाच्या डॉक्टरांशी बोललेय. मोठे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, तपासण्या नकोत, गोळ्या नकोत, फक्त बोलतं करा."

असे कुणी डॉक्टर नव्हते.

नव्हतेच. फोनमधली लाल पट्टी होती आणि मी होते. मोबाईलवर बघितलं म्हणाले असते तर प्रकाश हसला असता, आणि मला माझं हसं करून घ्यायचं नव्हतं. एवढंच. त्यानं किल्ली खिळ्याला अडकवली आणि तो गुरांना पाणी दाखवायला गेला.

मग दर रविवारी अकरा वाजता मी सांगलीहून फोन करायचे. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर आबांनी तो हुकूमच मानला. अकराच्या आधीच खुर्ची ओढून बसायचे, आई सांगायची. मी विचारायचे, बर्फातली ती पोस्टिंग कशी होती, सोबतचा जोडीदार कसा गेला. जे त्यांनी आईला कधी सांगितलं नव्हतं, ते मी खणायला लावलं. एका रविवारी ते रडले. तिकडे माझा बाप हुंदके देतोय, आणि इकडे मी डोळे पुसत मनात म्हणतेय, चला, गुण येतोय! काय म्हणायचं अशा बाईला?

मधेच म्हणायचे, "पोरी, पायाखाली कापूस असल्यागत वाटतंय बघ. पाय कुठं पडतोय उमगत न्हाई." एकदा नाही, तीन-चारदा म्हणाले. मी सांगितलं, आबा, मन सुन्न झालं की अंगही सुन्न होतं, डॉक्टर म्हणालेत तसं. डॉक्टर म्हणालेत! खोटा माणूस एकदा उभा केला की त्याला बोलतंही ठेवावं लागतं. आबा म्हणाले, बरं. नऊ महिने ते बरं म्हणत राहिले.

मग कोरेगावच्या बाजारात, सपाट रस्त्यावर, ते पडले. मनगट मोडलं. या वेळी प्रकाशनं मला विचारलं नाही, तडक साताऱ्याला नेलं. मी एसटीनं पोचले तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई आबांच्या पायाच्या अंगठ्याला कसलासा लोखंडी चिमटा टेकवून विचारत होत्या, थरथर जाणवते का? आबा डोळे मिटून म्हणत होते, न्हाई. मग त्यांनी मनाचे प्रश्न विचारले. बरेचसे तेच, माझ्या फोनमधले. पण झोप लागत न्हाई, असं आबा म्हणाले, तेव्हा बाई थांबल्या. म्हणाल्या, का लागत नाही? आबा म्हणाले, पायाला मुंग्या येतात, रातभर. हा 'का' मी नऊ महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

रक्तात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच. आबांनी निवृत्तीनंतर मटण-अंडी सोडलेली, दुधाचं नाव नको, वर पित्ताची गोळी वर्षानुवर्षं. बाई म्हणाल्या, यानंच माणूस खचतो, विसरतो, चिडतो. इंजेक्शनं देऊ, डोकं ताळ्यावर येईल. पायांच्या नसांचं मात्र सांगता येत नाही, चार-सहा महिने आधी यायला हवं होतं. मनाच्या डॉक्टरांनी तपासण्या नको म्हटल्याचं प्रकाशनं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, मनाच्या डॉक्टरांनीसुद्धा आधी हे रक्त तपासलं असतं. "तपासण्या नकोत म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगलीचं डॉक्टर हायत," प्रकाश म्हणाला. बाईंनी नाव विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबासुद्धा, प्लास्टरमधला हात छातीशी धरून. सांगायची जागा तीच होती. माझ्या तोंडून निघालं, ते आता पुण्याला गेले.

तीन महिन्यांत आबा परत माणसांत आले. दाढी, इस्त्री, सगळं. पाय आले नाहीत. काठी टेकत, खाली बघत, एकेक पाऊल आपटत चालतात. अंधार पडला की जागचे हलत नाहीत. शेत घरापासून हाकेच्या अंतरावर, पण बांधावरून चालणं जमत नाही, म्हणून बाजारात पडले त्या दिवसापासून ते शेतात गेलेले नाहीत. तो जोडीदार आता स्वप्नात येतो, असं आई सांगते. पूर्वी येत नसे. त्याला मी आणला.

प्रकाश अजून त्या डॉक्टरच्या नावानं शिव्या घालतो. आई म्हणते, त्येचं वाटुळं हुईल. मी भाजी निवडत ऐकते. आबा तेवढे त्याची बाजू घेतात. "चुकला असंल रं. पन तेनं माझी इचारपूस तरी केली. इतकी वर्सं कोन इचारत हुतं?"

गेल्या दिवाळीत मी निघाले तेव्हा आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. घरचा वाळवलेला घेवडा, त्यांनी स्वतः बसून निवडलेला. "पुन्याला कवा गेलीस तर त्या डॉक्टरास्नी दे. आमची आठवण सांग."

मी बरं म्हणाले. पिशवी पंधरा दिवस माझ्या स्वयंपाकघरात तशीच पडून होती. मग एका रविवारी घेवडा भिजत घातला. उसळ चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.