जन्याच्या वाटचं मीठ

साठच्या दशकाच्या शेवटी आमची पलटण लडाखला होती. माझ्याच सेक्शनमध्ये माझ्याच गावचा, भाईंदरचा, लान्स नायक जनार्दन होता. आमचा जन्या. दोघांचीही घरं मिठागरावरची. सुट्टीहून परतताना आईनं त्याला पिशवीभर जाडं मीठ बांधून दिलं होतं. पलटणीच्या लंगरचं, म्हणजे स्वयंपाकघरातलं, मीठ त्याला मीठच वाटायचं नाही. घाटावरची पोरं त्याला 'खारट' म्हणून चिडवायची.

पिकेटवर, आमच्या उंचावरच्या चौकीवर, पाणी म्हणजे बर्फ. सकाळी डबाभर बर्फ स्टोव्हवर चढायचा. स्टोव्ह फुरफुरत राहायचा, पण डब्यात बर्फाचा एक खडा जरी उरला तरी पाणी गारच. सगळी आग बर्फच गिळायचा. रॉकेल मोजकं यायचं, म्हणून जन्याचा बर्फावर फार राग.

त्या दिवशी गस्तीवरून येताना जन्याचा डावा पाय नाल्यात बुडाला. बुटात पाणी गोठलं, लेसच्या गाठी दगड झाल्या. रॉकेल पिण्याच्या पाण्यापुरतंच उरलं होतं, तेव्हा त्यानं स्टोव्ह मागितलाच नाही. आमच्या मासळीबाजारात बर्फावर मीठ पडलं की त्याचं पाणी होतं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. मी वायरलेसवर होतो. मी परतलो तोवर त्यानं आईची अर्धी पिशवी बुटात ओतली होती.

"बघ रं, रॉकेल वाचलं," तो म्हणाला.

लेस खरंच सुटत होती. पाय दुखायचाही थांबला होता. आम्हाला ते बरं लक्षण वाटलं. बूट निघाला तेव्हा पाय मेणासारखा पांढरा होता.

नर्सिंग असिस्टंटनं नंतर समजावलं. बर्फ वितळायला ऊब लागतेच, आणि ती तो कुठून तरी ओढतो. मीठ पडलं की झपाट्यानं वितळतो आणि आणखी गार होतो. स्टोव्ह नव्हता, म्हणून बर्फानं ऊब पायातून घेतली. मी वायरलेसवर खाली कळवलं.

"वन कॅज्युअल्टी. फ्रॉस्टबाइट. ओव्हर."

"पास बंद आहे. वेट. आउट."

पास, म्हणजे खाली जायची खिंड, उघडेपर्यंत पाय काळा पडला होता. विष अंगभर भिनलं. खाली नेताना स्ट्रेचरवरच जन्या गेला. अजून मिठागरावरचे पांढरे ढीग पाहिले की मला तो पाय दिसतो आणि मी रस्ता बदलतो.

सुट्टीवर आलो तेव्हा आधी त्याच्या घरी गेलो. थंडीनं गेला, एवढंच सांगितलं. काकीनं, जन्याच्या आईनं, एकच विचारलं.

"मीठ व्हतं का रं त्याच्याजवल?"

"शेवटपर्यंत होतं, काकी."

"मंग माझा पोर अळणी न्हाय गेला."

निघताना तिनं माझ्या हातात एक पिशवी ठेवली. जन्याच्या वाटचं मीठ, म्हणाली. ती मी अजून उघडलेली नाही. दर पावसाळ्यात तिला पाणी सुटतं.