माझे जिवाणू पोहत होते

मुळशीहून निघाले तेव्हा भातलावणी चालू होती. आबा गुडघाभर चिखलातूनच बांधावर आले, आणि आई म्हणाली, “परत यायचं का न्हाई ते तितं जाऊन ठरव. आमच्याकडं बघून ठरवू नको.” मी जर्मनीला पीएचडीला चालले होते. घरातलं कुणी तोवर महाराष्ट्राबाहेर गेलेलं नव्हतं.

तिथे माझ्या वाट्याला मातीतला एक जिवाणू आला. माझं म्हणणं असं, की तो स्वतःच्या आत किती ऊर्जा तयार होतेय ते जोखतो आणि ती घटू लागली की दिशा बदलतो. हे जोखणारं प्रथिन मला सापडलंय असं वाटत होतं, म्हणून त्याचं जनुक मी काढून टाकलं. प्लेटमधल्या जेलीसारख्या मऊ थरात मूळ जिवाणू मधलं अन्न संपेल तसे गोल कडं करत बाहेर पसरायचे. माझे मधल्या ठिपक्यातच बसून राहिले. मी खूश!

ग्रुप मीटिंगमध्ये एक सीनियर हसला. “तुझे जिवाणू लंगडे झालेत, पोहणंच विसरलेत.” पोहताच येत नसेल, तर त्यांच्या न पसरण्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. दोन वर्षांचं काम एका वाक्यात गेलं. फेलोशिपचे चारच महिने उरले होते. फोनवर आबांना सांगताना रडू आलं.

“त्यो म्हणतोय,” आबा म्हणाले, “पर तू बघितलंस का?”

बघितलं नव्हतं. प्लेटवरच भिस्त ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला, तर सगळे सरसर पोहत होते! फक्त कुठे जायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग जनुक परत घातलं. एका सकाळी इनक्युबेटर उघडला आणि प्लेटभर कडं पसरलेलं दिसलं. “आलं, आलं!” मी मराठीतच ओरडले. तोच सीनियर धावत आला, प्लेट उजेडात धरून म्हणाला, “मी चुकलो.”

यंदा डॉक्टर होऊन गावी आले, शाळेत मायक्रोस्कोप मांडला. सगळ्यांच्या आधी आई वाकली. “अगं बया, लई पळत्यात!” मी प्रथिनापासून ते ऊर्जा तयार करताना आत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनपर्यंत सगळं आमच्या बोलीत सांगितलं, कुठेही न अडखळता. आईने मान वर केली. “आन् एकाला भूक लागली, तर त्यो दुसऱ्याला सांगतोय का?”

तेच शोधायला मी पुन्हा तिकडे चालले आहे, या वेळी स्वतःच्या लॅबमध्ये. माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, आता घर कुठलं? माझं काम ऐकून जिथे आई असा प्रश्न विचारते, ते.