लेकीची उशिरा आलेली पाळी

माझ्या लेकीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. फुप्फुसांत चिकट कफ साचतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या घरी रोज सकाळी तिची पाठ थोपटून कफ सुटा करायचं काम माझं.

पंधरा वर्षं उलटली तरी तिला पाळी आली नव्हती. मैत्रिणी भराभर मोठ्या दिसू लागल्या, ही त्यांची धाकटी बहीण वाटायची. एकदा शाळेतून आली ती जिन्यावरच बसली.

"बाबा, मी कधी मोठी होणार?"

"होशील गं," म्हणालो.

पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये बायकोने नर्सकडे विषय काढला. मी संकोचून उठू लागलो, तर लेक म्हणाली, "बस ना. तुला पण कळू दे." बसलो. नर्सने समजावलं, की या आजारात वजन भरत नाही, मग शरीर पाळीची हार्मोन्स बनवायला वेळ लावतं. पुष्कळ मुलींचं असं होतं. रक्त तपासलं. हार्मोन्स कमी होती, पण बाकी सगळं ठीक होतं. वजन वाढवून थोडं थांबायचं ठरलं. त्याच सुमारास तिच्या मूळ आजारावरच्या नवीन गोळ्या सुरू झाल्या. कफ पातळ झाला, भूक लागू लागली. मी पराठ्यांवर लोणी थापत राहिलो.

एका दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. आईचा लागत नव्हता.

"बाबा, माझा पाळी आला!"

"आली. पाळी आली," मी सवयीने सुधारलं.

"सीरियसली, बाबा? आत्ता ग्रामर?" ती हसत सुटली. मीही हसलो, आणि मग कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

घरी जाताना सुपरमार्केटमध्ये थांबलो. पॅड्सचे इतके प्रकार! काही कळेना, म्हणून प्रत्येकातलं एक उचललं. ती पिशवी बघून बायको म्हणाली, "अहो, दुकान काढायचंय का?" आणि रवा भाजायला घेतला. रात्री तिघांनी शिरा खाल्ला.

पाळी नियमित व्हायला बराच काळ गेला. मग लेकीच्याच लक्षात आलं, की पाळीच्या आधी तिची छाती कफाने जास्त भरते. तिने क्लिनिकमध्ये स्वतः सांगितलं. हार्मोन्समुळे काहींना असं होतं, डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवसांत कफ काढायचा व्यायाम आणि पाठ थोपटणं वाढवून दिलं.

आता त्या दिवसांत ती संध्याकाळीही उशी घेऊन येते. "बाबा, जरा जोरात," म्हणते, आणि माझ्या मांडीवर पालथी पडून मोबाईल बघत बसते.