मेंढीच्या जिभेचा फोटो

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कराडला इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस होते आणि आई-आबा जतच्या माळावर, ओढ्याकाठी मेंढरं राखत होते. त्या वर्षी परतीचा पाऊस कधी नव्हे तो लांबला आणि कळपात रोग शिरला. मेंढरांचे ओठ सुजायचे, नाक वाहायचं, मग ती लंगडत बाजूला जाऊन बसायची ती उठायचीच नाहीत. तालुक्याचे डॉक्टर सुया टोचून गेले होते. उतार पडला नव्हता.

आमच्या सरांकडे डिजिटल कॅमेरा होता. त्यात फ्लॉपी घातली की फोटो थेट तिच्यावर उतरायचे. त्यांचे एक मित्र पुण्यात जनावरांच्या रोगांचे जाणकार होते. "फोटो काढून आण, ईमेलनं पाठवू," म्हणत सरांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी तोवर साधा कॅमेराही कधी धरला नव्हता.

माळावर पोचले तेव्हा चौदा मेंढरं गेली होती. मी नुसती बटण दाबत सुटले. आबा बघत राहिले, मग म्हणाले, "मरणाऱ्या जित्राबाचं फोटू काढतीस व्हय गं?"

मी पुढच्या मेंढीकडे वळले.

कराडला येऊन पडद्यावर पाहिलं तर सगळे फोटो धूसर. तरी पाठवले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं : यातून काहीच कळत नाही, जीभ आणि हिरड्या जवळून, स्पष्ट हव्यात. मी लॅबमागच्या जिन्यावर बसून रडले. पुन्हा जाण्यायेण्याचे दोन दिवस, आणि तिकडे रोज दोन-तीन मेंढरं मरत होती.

सरांनी कॅमेऱ्यावरचं फुलाचं चिन्ह दाखवलं. जवळचं टिपायचं तर ते लावायचं. गल्लीतल्या एका शेळीला भाकरीचा तुकडा दाखवत मी दुपारभर सराव केला. फ्लॅशनं ओली जीभ पांढरीफटक दिसते. उन्हात अर्धं तोंड काळं पडतं. सावलीत रंग खरा येतो. बटण अर्धं दाबून थांबायचं, श्वास रोखायचा, मग पूर्ण दाबायचं. शेळीच्या मालकिणीला मी वेडीच वाटले असणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ गाठला.

"आबा, हिला सावलीत घ्या. जबडा उघडून धरा."

"दुखतंय गं तिला."

"धरा म्हणते ना!"

आबांवर मी जन्मात पहिल्यांदा ओरडले. त्यांनी मुकाट्यानं मेंढी मांडीशी दाबली. जीभ सुजून निळसर झाली होती. सहा फोटो निघाले, आणि आबांच्या हातातच तिनं मान टाकली.

कराडपर्यंत थांबायचा धीर नव्हता. सांगलीलाच उतरले आणि स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात शिरले. फोटो अर्ध्यावर गेला की फोनची लाइन तुटायची. "पुन्हा पहिल्यापासून करायला लागंल, ताई," दुकानदार म्हणायचा. दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत तीनच फोटो गेले.

पण उत्तर सकाळीच आलं. निळ्या जिभेचा रोग. ओल्या जागी वाढणाऱ्या चिलटांमुळे पसरतो. रोगावर औषध नाही. कळप पाण्यापासून लांब न्या, सांजेला धूर करा, आजारी मेंढरांना पातळ आंबील पाजा.

गावातल्या किराणा दुकानात फोन करून मी आबांना बोलावून घेतलं.

"औषध न्हाई? मग फोटू कशापायी काढलं?"

"आबा, ओढ्याकाठनं हलवा कळप. आजच हलवा."

"हलवतो," ते म्हणाले.

आधीच लागण झालेली पुढेही मरत राहिली; ऐंशीतली एकवीस वाचली. पहिल्याच खेपेला मला फोटो नीट काढता आला असता तर किती वाचली असती, हे मी अजून मनाशी मोजत बसते.

पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, ते फोटो इंटरनेटवर ठेवू का, दुसऱ्या डॉक्टरांना रोग ओळखता येईल. मी आबांना विचारलं.

"मेलेल्या मेंढीचं फोटू जगाला दावायचं?" ते म्हणाले. मग आपणच बोलले, "ठिव म्हणावं. पर आमच्या कळपाचं हाय म्हणून सांगू नगंस."