सील तोडून कॅसेट विकणाऱ्या आपा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलंत तर मी आपांचं नाव घेईन. आपा म्हटलं की त्यांचं वर उचललेलं बोट आठवतं. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले आणि गिऱ्हाइकाला 'थांब' म्हणणारं ते बोट.

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. नवरा कुवेतला नोकरीला गेला आणि तिथेच वारला. दुकान आपांनी चालू ठेवलं. तेव्हा नकली कॅसेटी फार आल्या होत्या. वेष्टन असलीसारखं, आत नुसती खरखर. म्हणून प्रत्येक कॅसेटचं सील आपा स्वतः तोडायच्या, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मगच विकायच्या.

"आपा, सील तोडलेला माल कोण घेतो?" दुबईहून सुट्टीवर आलेल्या एकाने विचारलं होतं.

"प्लास्टिक हवंय? मग शेजारी बादल्यांचं दुकान हाय, तिथे जा. ही मी ऐकलीय. बिनघोर ने."

तो हसत घेऊन गेला.

गाण्यांचं दुकान असून ते शांत असायचं, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. सगळं गाणं त्यांच्या कानांत. त्या शांततेत मागच्या बाकावर बसून मी बी.कॉम. झालो. खोलीवर आम्ही सहा जण राहायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. अभ्यासासाठी जागा मागायची असते हेही मला ठाऊक नव्हतं. मी न मागताच आपा म्हणाल्या, "बस तिथे. फक्त बोलू नको."

माझ्या शेवटच्या वर्षी एक ओळखीचा रिक्षावाला कॅसेट परत घेऊन आला. "आपा, हिच्यात शिट्टी वाजते."

आपांनी हेडफोन लावून दोन्ही बाजू ऐकल्या. "कुठे वाजते?" मग त्यांनी कधी नव्हे तो स्पीकर लावला. दुकानभर बारीक, टोचणारी शिट्टी घुमली. दारात आलेल्या दोन बायकांनी तोंडं वाकडी केली. आपा डोळे मिटून शांतपणे ऐकत होत्या.

रिक्षावाल्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "माझ्याच टेपमध्ये खोट असणार, आपा. राहू दे."

"चांगली वाजते की!" दोघींतली एक म्हणाली.

आपा माझ्याकडे वळल्या. "तू सांग."

"शिट्टी वाजते, आपा."

त्यांनी मान हलवली. दुसरी कॅसेट काढून रिक्षावाल्याला दिली. "ही मी ऐकलेली नाय हां."

"चालेल, आपा."

दुसऱ्या दिवशी दुकानात पुठ्ठ्याची पाटी लागली : 'कॅसेटी ऐकून तपासलेल्या नाहीत.' आता लोक परत फिरणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. कुणीच फिरलं नाही. लोक पाटी वाचायचे आणि हवी ती कॅसेट मागायचे. काही दिवसांनी आपा म्हणाल्या, "वाचतात आणि घेतातच. मग इतकी वर्सं मी विकत काय होते रे?"

पुढे त्या सीलबंद कॅसेटी तशाच देऊ लागल्या.

मी नोकरीसाठी पुण्याला आलो. आपा दुकान बंद करून आंजर्ल्याला बहिणीकडे राहायला गेल्या. मध्ये एकदा रत्नागिरीला गेलो, तेव्हा त्या जागी मोबाईलचं दुकान होतं आणि आत मोठ्याने गाणी लागली होती. जरा वेळ उभा राहिलो. काही वाटलं नाही. चहा घेतला आणि गाडी पकडली.

आपांना आता फोनवर ऐकू येत नाही, असं त्यांच्या बहिणीने सांगितलं. म्हणून पत्र लिहिलं.

"आपांना सलाम.

मी ठीक आहे. एका कंपनीत हिशेब लिहितो. गेल्या आठवड्यात रस्त्यावर शंभर गाण्यांची एक सीडी घेतली. वर मोठ्या अक्षरांत 'उत्तम आवाज' असं छापलंय. सगळी गाणी पत्र्याच्या डब्यात बसून म्हटल्यासारखी वाजतात आणि काही तर अर्ध्यातच तुटतात. दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो, तर त्या जागी एक जण मोजे विकत होता. त्याने विचारलं, 'कुठला रंग देऊ?'

तुम्ही काय विकत होतात, हे तुम्ही मला विचारलं होतं. तुमच्याकडून नेलेली कॅसेट शिट्टी मारायला लागली, तेव्हा तो रिक्षावाला ती घेऊन तुमच्याकडे आला. मी सीडी हातात घेऊन थोडा वेळ तिथे उभा राहिलो, आपा, आणि मग घरी आलो."