बटाटा, तीन लिंबं आणि एक खोटा सिद्धान्त

तुम्ही दोघं फोनवर विचारता, "आजी, दिवसभर काय करतेस?" आणि उत्तर ऐकायच्या आत तुमचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. म्हणून लिहून ठेवते. गेल्या हिवाळ्यापासून मी दुपारी बीजगणित करत होते. शाळेतलं नाही, एम.एस्सी.चं, ज्यात आकडे जवळजवळ नसतातच. सोबत मूलद्रव्यं, पण ती माझ्या घरचीच. नागपूरला मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मग इथे भिलाईत, टाउनशिपच्या शाळेत, निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलं.

याची सुरुवात इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात झाली. इथल्या खुर्सीपार वस्तीत किराणा दुकान चालवणारी एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली. मूळची भंडाऱ्याकडची, मुलगा स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. वाण हातात घेताघेताच म्हणाली, "बाई, तुमी मास्तरीण होत्या ना? माह्या सुनेले पाहा जरा. दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून राहते. नोकरी लागत नाही न दुकानात बसत नाही."

सून मागेच उभी होती. खाली मान घालून नव्हती, हे मी लगेच पाहिलं. गणितात एम.एस्सी. झालेली. जवळच्या बोरसीतल्या एका खासगी शाळेत वरच्या वर्गांसाठी गणित आणि विज्ञान शिकवणारी एकच बाई हवी होती. दोन विषय, पगार एकाचा. अशा शाळांना हे हिशेब बरोबर जमतात. सासूने तिला शब्द दिला होता की या मुलाखतीपर्यंत थांबते. नाही जमलं तर गल्ल्यावर बसायचं आणि पुस्तकं रद्दीत द्यायची.

"विज्ञान मले येत नाही, मॅडम," ती म्हणाली. "मूलद्रव्यं सगळी विसरून गेली."

"आणि बीजगणित?"

"ते पाठ आहे."

हे उत्तर ऐकूनच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गाइड घेऊन आली. गाइड हा पुस्तकाचा असा प्रकार आहे की ज्यात प्रश्न वाचायच्या आधीच लिहिणाऱ्याला उत्तराचा कंटाळा आलेला असतो. पिवळं मुखपृष्ठ, पारदर्शक कागद, आणि आत प्रत्येक पानावर 'महत्त्वाचे'. सगळंच महत्त्वाचं असेल तर तो शब्द छापायची शाई तरी का वाया घालवायची? पण ते असू द्या. मी तिला विचारलं, बीजगणितातला ग्रुप म्हणजे काय. तिने चार अटी आरती म्हटल्यासारख्या एका दमात म्हटल्या. मी विचारलं, याचं करायचं काय असतं. ती म्हणाली, "परीक्षेत लिहाचं असते."

मूलद्रव्यांचंही तेच. तिच्या क्लासच्या सरांनी आवर्त सारणीचा पहिला स्तंभ लक्षात ठेवायला एक हिंदी वाक्य दिलं होतं, सिनेमातल्या प्रेमपत्रासारखं. वाक्य तिला येत होतं. सोडियम पाण्यात टाकला तर काय होतं, ते येत नव्हतं. सर स्वतः कधी सोडियमच्या जवळ गेले असतील असं मला वाटत नाही. तुमच्या आजोबांच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवरसुद्धा असलेच प्रश्न येतात. 'हिऱ्यात कोणते मूलद्रव्य? ९९ टक्के लोक चुकतात!' सगळे निवृत्त इंजिनिअर, लोखंड वितळवण्यात जन्म गेला, आणि कार्बन लिहून एकमेकांना टाळ्या पाठवतात.

मी तिला म्हटलं, गाइड पिशवीत ठेव. स्वयंपाकघरातून एक बटाटा आणला, तीन लिंबं आणली, दात कोरायच्या काड्या घेतल्या. बटाटा म्हणजे नायट्रोजन, लिंबं म्हणजे हायड्रोजन. तीन पायांवर उभं असलेलं स्टूल असतं तसा अमोनियाचा रेणू. लिंबांना तीन रंगांचे दोरे बांधले, म्हणजे कोण कुठे गेलं ते कळेल. आता हा रेणू असा हलवायचा की दोरे नसते तर काही बदललं आहे हे कुणाला कळूच नये. तो एकतृतीयांश फिरवता येतो, दोनतृतीयांश फिरवता येतो, आहे तसा ठेवता येतो. किंवा आरशात दिसतो तसा पाहायचा, म्हणजे एक लिंबू जागेवर राहतं आणि उरलेल्या दोघांची अदलाबदल होते. ते तीन प्रकारांनी होतं. असे एकूण सहा. आम्हाला नागपूरला हे रसायनशास्त्र म्हणून शिकवलं होतं. गणितवाले अशा हालचालींच्या संचालाच ग्रुप म्हणतात, हे मला ठाऊक होतं, पुढचं फारसं नव्हतं.

तिने तो बटाटा माझ्या हातातून घेतला. आधी फिरवला, मग दोन लिंबं बदलली. लाल दोरा कुठे आला ते पाहिलं. सगळं पूर्वीसारखं केलं. मग आधी लिंबं बदलली आणि नंतर फिरवला. लाल दोरा दुसरीकडेच. पुन्हा करून पाहिलं.

"मॅडम, हे तर वेगळं येऊन राहिलं."

"मग?"

तिने पिशवीतून गाइड काढलं आणि एक पान माझ्यासमोर धरलं. सिद्ध करा, की सहा घटकांचा प्रत्येक ग्रुप चक्रीय असतो. चक्रीय म्हणजे एकच क्रिया पुन्हा पुन्हा करत गेलं की सगळे घटक आपोआप हाती येतात, घड्याळाचा काटा एकेक तास पुढे सरकत सगळे आकडे फिरून येतो तसे. अशा ग्रुपमध्ये आधी काय केलं न् नंतर काय केलं याने काहीच फरक पडत नाही. आणि इथे बटाट्यात फरक पडत होता.

"म्हणजे गाइड खोटं आहे," ती म्हणाली. "पण मॅडम, हे तर दरवर्षी येते. सगळेच हेच लिहितात. मी पण लिहिलं, पूर्ण मार्क भेटले."

आम्ही त्या सिद्धतेची ओळ न् ओळ तपासली. लबाडी तिसऱ्या ओळीत होती. दोन घटक घेऊन त्यांचा गुणाकार केला होता, आणि क्रम बदलला तरी चालतो हे गुपचूप धरून टाकलं होतं. जे सिद्ध करायचं तेच खिशात घालून आणलं होतं. मी फोनमधल्या तुमच्या लाडक्या एआयलाही विचारून पाहिलं. त्याने आधी सांगितलं, हो, चक्रीय असतो. मी हटकल्यावर माफी मागून नाही म्हणाला. मी उगाच पुन्हा हटकलं, तर पुन्हा माफी मागून हो म्हणाला. असा माणूस मी घरात कामाला ठेवला नसता, आणि तुम्ही त्याच्याकडून निबंध लिहून घेता.

त्या दिवसापासून ती मुलगी बदलली. आता ती प्रत्येक उदाहरण संशयाने सोडवायची. लोखंडाला गंज चढताना त्यातला ऑक्सिजन हवेतला की पाण्यातला, असं विचारायची. माझ्याकडे उत्तर नसेल तर आम्ही दोघी शोधायचो. मला वाटायला लागलं, ही शाळा तिला घेणार नाही तर कुणाला घेणार?

मुलाखतीच्या आठवड्यात त्याच शाळेच्या डायरेक्टरचा मला फोन आला. केमिस्ट्रीची तज्ज्ञ म्हणून पॅनेलवर या. मी त्याला सांगितलं, एका उमेदवाराला मी स्वतः शिकवलंय, तिला मी प्रश्न विचारणार नाही आणि गुणही देणार नाही. तो हसला. "अरे मैडम, तब तो और अच्छा! आप तो पहले से जानती हैं उनको." नियम म्हणजे काय, हे त्याला कुणी कधी समजावलेलं नसावं. तरी मी गेले. मी नसते तर रसायनशास्त्रही त्यानेच गाइडातून विचारलं असतं.

त्याची केबिन पाहण्यासारखी होती. भिंतीवर शंभर टक्के निकालाचे फलक, टेबलावर चहा, बिस्किटं, आणि तेच पिवळं गाइड. माझ्या पलीकडे गणिताचे तज्ज्ञ म्हणून एक क्लासवाले सर बसले होते.

पहिल्या उमेदवाराला मी विचारलं, हायड्रोजनला धातूंच्या रांगेत का बसवलंय? त्याने ते प्रेमपत्रासारखं वाक्य म्हटलं. मी म्हटलं, पण तो तर वायू आहे. त्याने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. दुसरीला मी स्टील हे मूलद्रव्य आहे का, असं विचारलं. भिलाईत! जिथे आकाशाचा रंगसुद्धा प्लांट ठरवतो. ती म्हणाली, "जी मैम, element." डायरेक्टर मान डोलावत होता. नंतर त्याने गाइड उघडून दोघांना सहा घटकांचा प्रश्न विचारला. दोघांनी तिसऱ्या ओळीच्या लबाडीसकट सिद्धता घडाघडा म्हणून दाखवली. क्लासवाले सर खूश.

मग ती आत आली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, मला बरं वाटलं. मी खुर्ची मागे सरकवली. स्टीलचा प्रश्न डायरेक्टरनेच विचारला. ती म्हणाली, "सर, वो तो मिलावट है. लोहा, थोड़ा कार्बन, और जैसा स्टील चाहिए वैसा बाकी." मग गाइड उघडलं गेलं.

"सिद्ध कीजिए कि छह element वाला हर ग्रुप cyclic होता है."

"नहीं होता, सर."

डायरेक्टरने पान वळवून तिच्यासमोर धरलं. "लिखा है."

"गलत लिखा है, सर."

क्लासवाल्या सरांनी घसा साफ केला. "बेटा, ये standard question है. हम सालों से करा रहे हैं."

माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. पण मी नियम केला होता, आणि मी केलेला नियम मोडत नाही.

तिने विचारलं, "सर, ये ले लूँ?" आणि उत्तराची वाट न पाहता चहाचा कप, पाण्याचा ग्लास आणि बिस्किटांची बशी एका ओळीत मांडली. "ये पहली दो चीज़ें बदल दीं. अब आख़िरी वाली को सबसे आगे लाए. देखिए, बशी, ग्लास, कप." सगळं पूर्ववत केलं. "अब उल्टा. पहले आख़िरी वाली आगे, फिर पहली दो बदलीं. कप, बशी, ग्लास." ती थांबली. "तीन चीज़ों को रखने के छह ही तरीक़े हैं, सर. और यहाँ क्रम बदला तो जवाब बदल गया. फिर cyclic कैसे होगा?"

क्लासवाले सर बशीकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्यांना कळलंय. त्यांनी एक बिस्किट उचललं आणि म्हणाले, "हाँ, वैसे देखा जाए तो... पर exam में तो यही आता है."

मी आयुष्यात बरेच मास्तर पाहिले. न कळणाऱ्यांची मला कीव येते. कळूनही बिस्किट खाणाऱ्यांसाठी माझ्याकडे शब्द नाही.

डायरेक्टरने गाइड मिटलं. "मैडम, आप होशियार हैं. लेकिन हमें बड़े बच्चों का exam निकालना है. आप बच्चों से बोलेंगी किताब गलत है, कल पेरेंट्स मेरे सर पे बैठेंगे." मग जरा विचार करून म्हणाला, "चौथी-पाँचवीं में एक जगह ख़ाली है. वहाँ किताब पतली होती है, झगड़ा कम होगा. चलेगा?"

"चलेगा, सर," ती लगेच म्हणाली.

वरच्या वर्गांसाठी त्यांनी स्टीलला मूलद्रव्य म्हणणारीला घेतलं.

बाहेर फाटकापाशी मी तिला अडवलं. "कशाला हो म्हणालीस? तुझी लायकी काय न् त्यांनी दिलं काय! तोंडावर फेकून यायचं होतंस."

तिने स्कूटीची किल्ली पर्समधून काढली. "मॅडम, तुम्हाले राग परवडते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी नाही म्हटलं असतं तर उद्या सकाळी गल्ल्यावर बसली असती. मंग कोनाले सांगितलं असतं मी, गाइड खोटं आहे म्हणून? बिडी घ्यायले येनाऱ्याले?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि त्या केबिनबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहू शकतात, हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

आठवड्याने तिची सासू घरी आली, पिशवीत मुरमुऱ्याचे लाडू घेऊन. सोफ्यावर न बसता खुर्ची ओढून बसली. सुनेने काय काय सांगितलं होतं कोण जाणे, पण बाई चांगलीच फणफणलेली होती.

"नोकरी लागली म्हणते. पाचवीले! सोळा-सतरा वर्सं शिकली न पाचवीले? दुकानात आता मीच बसीन, अजून काय करतो. पन मले एक सांगा बाई, बटाटे न लिंबं घेऊन दुपार दुपार बसत होत्या तुमी दोघी. पाचवीच्या पोराइले शिकवाले एवढं शिका लागते का?"

"पाचवीलाच लागतं," मी म्हटलं. "वरच्या वर्गांना गाइड पुरतं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मी थट्टा करतेय का ते. मग लाडवांचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मंग ते रद्दीत द्याची पुस्तकं राहू देतो घरी."